कालवंकाका

न्यूयॉर्कला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, याचा इथल्या मराठी घरांत एक क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या दिवशी टाइम्स स्क्वेअर, तिसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनला जाऊन वडापाव. कालवंकाकांच्या घरचा क्रम निराळा आहे. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी पर्ल स्ट्रीट असतो.

पर्ल स्ट्रीट हा मॅनहॅटनच्या टोकाला असलेला एक अरुंद, वळणाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कचेऱ्या, मधे सावली. पाहुणा इकडेतिकडे बघतो, मोत्यांची दुकानं शोधतो. काका त्याला चांगली दोन मिनिटं शोधू देतात आणि मग सांगतात, "मोती नाहीत. शिंपा. पूर्वी किनारा इथपर्यंत होता. कालवांच्या शिंपांचे ढीग पडलेले असायचे, त्यावरून नाव." मग फुकटची स्टेटन आयलंड फेरी. बोट स्वातंत्र्यदेवीसमोर आली की सगळी बोट एका कठड्याला झुकते. काका देवीकडे पाठ करून उभे राहतात आणि पाहुण्यालाही पाण्याकडे बघायला लावतात. "ती बाई ज्या बेटावर उभी आहे ना, त्याचं डचांच्या वेळचं नाव मोठं कालवांचं बेट. आणि ते एलिस आयलंड, ते धाकटं कालवांचं बेट. पुतळा काय, १८८६ चा. काल आला."

पाहुण्याच्या फोनमध्ये त्या दिवशी गढूळ पाण्याचे चाळीस फोटो जमा होतात.

काका मूळचे मालवणचे. चाळीस वर्षं मुंबईत एका बँकेत होते, त्यातली शेवटची सतरा इन्स्पेक्शनला. निवृत्तीनंतर मुलाकडे क्वीन्सला आले. इन्स्पेक्शनचा माणूस निवृत्त झाला की तपासायच्या शाखा जातात, तपासायची खाज जात नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी मुलाचं घर तपासलं. दुधाच्या डब्यांवरच्या तारखा, विजेचं बिल, नातवाच्या गृहपाठातल्या बेरजा. सून हुशार. तिने एका शनिवारी, ब्राँक्स नदीच्या मुखाशी स्वयंसेवक हवे आहेत, एवढं वाचून दाखवलं आणि सासऱ्यांना गाडीत बसवून सोडून आली. नदीकाठचा कचरा वगैरे उचलायचा असेल, अशी तिची समजूत. संध्याकाळी काका परतले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. दारातूनच ओरडले, "अगो, हंयसर कालवां आसत!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मगे? हाडलास?"

आणलीत का. हा प्रश्न काकांना तेव्हापासून छळतो आहे.

भानगड अशी आहे, की ही कालवं खायची नाहीत. ती नुसती वाढवायची. १६०९ साली हेन्री हडसन इथे आला तेव्हा या खाडीत सुमारे २ लाख २० हजार एकरांवर कालवांचे थर होते, असा अंदाज आहे. पुढच्या तीनशे वर्षांत न्यूयॉर्कने ते खाल्ले. गरिबाने रस्त्यावरच्या गाडीवर खाल्ले, श्रीमंताने झुंबराखाली. मग शहराने नदीत मैला सोडला, कालवांतून टायफॉइड घरोघर गेला आणि १९२७ साली कालवांची शेवटची वाडी बंद झाली. १९७२ च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यानंतर पाणी हळूहळू सुधारलं, पण कालवं आपणहून परतली नाहीत. २०१४ साली 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' सुरू झाला: २०३५ पर्यंत या पाण्यात १०० कोटी कालवं. आत्तापर्यंत १५ कोटींच्या वर सोडून झाली आहेत. "म्हणजे ८५ कोटी बाकी," काका सांगतात, "आणि २०३५ ला मी ८५ चा. हिशेब जुळतो." काय जुळतो ते मला कळलेलं नाही, पण ते इतक्या समाधानाने सांगतात की विचारवत नाही.

मी सोलापूरचा. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं. ज्या नदीत ते दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, तिच्याबद्दल मला आदर आणि संशय दोन्ही वाटतात. काकांनी मला हेरलं ते मी त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहतो आणि माझ्याकडे गाडी आहे म्हणून. एके रात्री फोन आला. "काय रे झिला, उद्या मोकळो आसस? सकाळी नवाक ओहोटी आसा."

हे त्यांनी कालनिर्णय बघून ठरवलेलं होतं. कोकणात तिथीवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. काकांच्या आवशीला, म्हणजे आईला, घड्याळ कळत नव्हतं, पण हे गणित तोंडपाठ होतं. त्याच गणिताच्या भरवशावर आम्ही साउंडव्ह्यू पार्कला पोचलो. ही जागा ब्राँक्स नदीच्या तोंडाशी आहे. एके काळी इथे शहराचा कचरा टाकत. काकांनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, खांद्यावर पट्टे लावले, डोक्याला मालवणहून आणलेला गमछा बांधला आणि नदीकडे बघितलं. नदी तुडुंब होती. ज्या दगडांवर उभं राहायचं ते दगड पाण्याखाली होते. काठावर एक बगळा होता, तोही थांबला होता.

आकाशातला चंद्र एकच असला तरी मालवणची भरती आणि न्यूयॉर्कची भरती यांत चांगलाच फरक पडतो, ही गोष्ट काकांनी त्या दिवशी शोधून काढली. किनाऱ्याचा आकार, तळाची खोली, पाणी आत शिरायची वाट, सगळ्यांचा मिळून तो फरक. इथल्या भरतीचं छापील कोष्टक मिळतं, फोनवरही दिसतं, असं मी म्हणालो. पासबुक न आणता पैसे काढायला आलेल्या खातेदाराकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून त्यांचं सूत्र आहे: "तिथीची पाऊणपट, अधिक-उणे न्यूयॉर्क." आता ते चुकत नाहीत. आधी फोनमध्ये बघून घेतात, असा काकूंचा आरोप आहे.

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. गणपतीच्या वर्गणीची वही सांभाळणारे, सोसायटीच्या टाकीत रोज बांबू बुडवून पातळी लिहिणारे, लग्नात वाढप्यांवर नजर ठेवून 'तिसऱ्या पंगतीला जिलबी पोचली नाही' हे सांगणारे. त्यांना पैसा नको असतो, सत्कारही नको असतो. एक वही आणि चुकणारी माणसं मिळाली की त्यांचं वय थांबतं. काकांना नदीकाठी दोन्ही मिळालं.

शहरातल्या धक्क्यांवर जागोजागी तारेचे पिंजरे दोरीने पाण्यात सोडलेले असतात. पिंजऱ्यात कालवांच्या शिंपा असतात, खूण केलेल्या. ठरलेल्या दिवशी पिंजरा वर ओढायचा, कालवं मोजायची, पाण्याचा खारेपणा आणि प्राणवायू बघायचा, सोबत कोण-कोण राहायला आलंय ते लिहायचं. खेकड्यांची पिल्लं, कोळंबी, बेडकासारख्या तोंडाचा एक मासा. हे काम बहुतेक शाळेची मुलं करतात, आणि काका. मुलं त्यांना 'मिस्टर के' म्हणतात. मुलं टॅबवर आकडे भरतात. काका आधी लाल कापडी पुठ्ठ्याच्या जाड वहीत मराठी आकड्यांत लिहितात आणि मग घरी जाऊन नातवाकडून भरून घेतात. शर्टाच्या खिशात जिथे इतरांचं पेन असतं तिथे काकांची व्हर्नियर पट्टी असते.

"किती?"

"एकेचाळीस मिलिमीटर, काका."

"नीट बघ."

"एकेचाळीसच."

"मागल्या महिन्याक बेचाळीस होता. कालव आखूड होता काय रे?"

पंधरा मिनिटं आम्ही त्या एका मिलिमीटरची चौकशी केली. शेवटी बारा वर्षांच्या एका मुलीने सांगितलं, की वाढणाऱ्या शिंपेची कडा पापडासारखी असते, हाताळताना मोडते. काकांनी वहीत शेरा मारला: 'तूट १ मि.मी., हाताळणीत.' आणि खाली सही केली.

मेलेलं कालव ओळखायची रीत मला त्यांनीच शिकवली. जिवंत कालव पाण्याबाहेर आलं की तोंड गच्च मिटून घेतं. उघडं दिसलं तर बोटाने टकटक करायचं. मिटलं तर जिवंत. काका टकटक करताना खाली वाकून हळूच विचारतात, "कोण आसा काय घरात?" उत्तर आलं नाही की शिंप बाजूला. वहीत त्यासाठी 'मयत' असा रकाना आहे. गाळाने भरलेली, बाहेरून बंद दिसणारी पण आत कोणी नसलेली शिंप निघाली, की तिची नोंद 'निष्क्रिय खाते'.

कालवांचं चरित्र काका कुठेही सांगतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं. मग त्याला डोळ्यासारखा एक ठिपका येतो, एक पाय फुटतो, आणि तो पाय घेऊन ते बसायला जागा शोधत फिरतं. जागा पसंत पडली की एकदाच चिकटतं, ते जन्मभरासाठी. मुंबईत ब्लॉक घेतल्यासारखं. त्याला सगळ्यात पसंत जागा म्हणजे दुसऱ्या कालवाची शिंप. पण इथल्या तळाला आता नुसता गाळ. शिंपा सगळ्या खाणाऱ्यांनी नेल्या, जाळून चुना केला, रस्त्यांत भरल्या. म्हणून आता हॉटेलांतून खाऊन उरलेल्या शिंपा गोळा होतात, गव्हर्नर्स आयलंडवर उन्हापावसात वर्षभर पडून राहतात, आणि मग टाक्यांत त्यांच्यावर पिल्लं बसवून नदीत सोडतात.

इथवर ऐकणारा टिकतो. पुढचा भाग काकांनी एकदा मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितला. कालव पहिल्या वर्षी बहुधा नर असतं, मोठं झालं की बहुधा मादी होतं. हे त्यांनी वाणाची वाटी हातात धरून उभ्या असलेल्या चाळीस बायकांना, मायक्रोफोनवरून, आकृतीसकट सांगितलं. सभागृहात शांतता पसरली. मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या, "म्हंजे शिकता, म्हणायचा." पुढच्या वर्षी मंडळाने मायक्रोफोन समितीच्या ताब्यात ठेवायचा ठराव केला.

काकूंनी आपलं म्हणणं एकदा मला एकट्याला गाठून सांगितलं. "माझो बीपी किती आसा तां इचार ह्यांका, सांगूक येवचा नाय. सतरा नंबरच्या कालवाची लांबी इचार, झोपेत सांगतीत." घरात खारेपणा मोजायची एक दुर्बिणीसारखी नळी आहे. थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा, आकडा वाचायचा. काका आमटीचा थेंब टाकून बघतात. समुद्र ३५, नदीचं मुख वीस-पंचवीसच्या आसपास, आणि आमटी किती, हे ते जेवताना जाहीर करतात. सुनेने एक दिवस न बोलता ती नळी पुस्तकांच्या मागे ठेवली. चार दिवस घरात नुसतं 'मीठ जरा जास्त झालंय' एवढंच ऐकू आलं, जगातल्या इतर घरांसारखं.

शिंपांचं प्रकरण मात्र महागात गेलं. काकांनी कुणाच्या तरी साखरपुड्याला मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलात टेबलाटेबलांवरून फिरून शिंपा पिशवीत भरल्या. वेटरने नम्रपणे सांगितलं, की आम्ही त्या आधीच देतो, मागे वेगळा डबा आहे. काकांनी मागे जाऊन डबा तपासला, बरोबर असल्याचं त्याला सांगितलं, आणि आपली पिशवी तरीही घरी आणली. वर्षभर उन्हापावसात पडाव्या लागतात, हे त्यांना ठाऊकच होतं. आपल्या गॅलरीत ऊन आणि पाऊस दोन्ही येतात. जुलै महिना होता. पाचव्या दिवशी वरच्या मजल्याने, सातव्या दिवशी समोरच्या इमारतीने आणि नवव्या दिवशी घरमालकाने चौकशी केली. ब्राँक्सला २००७ साली दोनशे वर्षांनी बीव्हर परत आला तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात घोंगावत परतलेल्या माशांची कोणी दखल घेतली नाही. शिंपा मीच गाडीतून पोचत्या केल्या. गाडी अजून पावसाळी हवेत आठवण काढते.

आता तो प्रश्न.

काकांचं सगळं ऐकून झालं, पर्ल स्ट्रीट झाला, वही दाखवून झाली, की प्रत्येक मराठी माणूस, मग तो कोकणातला असो की माझ्यासारखा कोरडवाहू, एकच विचारतो: "मग खायला कधी मिळणार?" पुणेकर 'आम्ही खात नाही, पण' असं म्हणून विचारतो. काकांचा चेहरा आधी शांत होतो. मग ते सांगतात, की या शहराच्या साधारण ६० टक्के भागात पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की नळ भरतो आणि जास्तीचं सगळं थेट नदीत जातं. कालव नदी गाळतं. भर उन्हाळ्यात, तब्येत ठणठणीत असेल तर दिवसाला ५० गॅलनपर्यंत, म्हणजे १९० लिटर. "आता तू सांग, त्याने जां गाळलान, तां तुका खावचा आसा?"

एवढ्यावर भागलं नाही तर न्यू जर्सीची गोष्ट येते. २०१० साली तिकडच्या सरकारने एका संस्थेला तिने अभ्यासासाठी कीपोर्टच्या पाण्यात लावलेली कालवं काढायला लावली. कारण काय, तर कोणी चोरून खाल्ली, आजारी पडला, तर सगळ्या राज्याच्या कालवांच्या धंद्याची बदनामी. मग ती संस्था आपली कालवं घेऊन कुठे गेली? नौदलाच्या अर्ल तळावर. दारूगोळा चढवायच्या धक्क्याजवळ, सशस्त्र पहाऱ्यात. "कालवांका नेव्हीची सिक्युरिटी!" काका टाळी मागतात. "आमच्या मालवणात पोलीस पाटलाक नाय."

त्यांचा मोठा मान आहे तो टॉमस डाउनिंगला. हा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. १८२५ च्या सुमारास त्याने ब्रॉड स्ट्रीटवर तळघरात कालवांची खाणावळ काढली. शहरातले बँकवाले आणि पुढारी त्याच्याकडे जेवायला येत. आणि त्याच जागेच्या तळात तो गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांना लपवत असे. काकांना यातलं बँकवाले टेबलाशी बसलेत आणि खाली काय चाललंय याचा त्यांना पत्ता नाही, हे विशेष आवडतं. "इन्स्पेक्शन नीट झाला नाय," ते म्हणतात, आणि पहिल्यांदाच एका चुकलेल्या तपासणीबद्दल त्यांचा चेहरा खुलतो.

मी एकदा त्यांना विचारलं, की काका, हे तुमचं गाव नाही, ही तुमची नदी नाही, खायला मिळणार नाही, शंभर कोटी बघायला तुम्ही असालच असंही नाही. कशासाठी? सवालात आगाऊपणा होता, पण त्या दिवशी आम्ही दोघे नदीत छातीभर पाण्यात उभे होतो आणि माझ्या विजारीत कुठून तरी पाणी शिरत होतं.

काकांनी हातातली शिंप उलटी केली. आतल्या पांढऱ्या बाजूवर भाताच्या शितांएवढी बारा-पंधरा पिल्लं चिकटलेली होती. "आमची आवस खडपार कालवां फोडी," ते म्हणाले. खडप म्हणजे किनाऱ्यावरचा खडक. "हातात लोखंडी टोकणी. वरची शिंप उडवायची, मास काढायचा. खालची शिंप खडपाकच ऱ्हवायची. दुसऱ्या वर्षाक तिच्यारच नवीन कालव बसायचा. कोणी शिकवलेला नाय. हेंनी..." त्यांनी मॅनहॅटनच्या दिशेने हात केला, "हेंनी खडपच खाल्ल्यानी."

मग मला म्हणाले, "आता लिही. सतरा नंबर, त्रेचाळीस."

गेल्या डिसेंबरात काका-काकू मालवणला जाऊन आले. दीड महिना. पाण्याचा खारेपणा मोजायची नळी सामानात होती, व्हर्नियर पट्टी खिशात होती, वही हातातल्या पिशवीत. परत आल्यावर मी भेटायला गेलो. काकांनी खाडीची, बहिणीच्या घराची, खडपांवर चढलेल्या बंगल्यांची सविस्तर तक्रार केली. सिंधुदुर्गात बचतगटांच्या बायका खाडीत तराफे टाकून कालवं वाढवतात, त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी बरोबर नव्हत्या, त्याही ते दाखवून आले होते. बायकांनी काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही.

काका आत गेले तसं काकूंनी सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी नणंदेने कालवांचं सुकं केलं होतं. ओलं खोबरं, तिरफळं घालून, वर कोकम. ताटात पडल्यावर काका बराच वेळ नुसते बघत बसले. आता हे भाषण करतील म्हणून नणंदेच्या सुना दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मगे?"

"मगे काय. तीनदा मागून घेतल्यानी."

काका चहा घेऊन बाहेर आले. वही टीपॉयवर होती. मी सहज उघडली. प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, क्षारता, नग, मयत, शेरा, सही. मालवणच्या पानावर तारीख होती, बहिणीच्या घराचा पत्ता होता, क्षारतेपुढे 'योग्य' एवढंच होतं. आणि नग या रकान्यात, चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या त्याच वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: मोजले नाहीत.